पहिला शेजारी

ऑकलंडमधल्या माउंट रॉस्किलच्या त्या आडगल्लीत राहायला आल्यापासून इंद्रनीलने शेजारच्या घराकडे कधी नीट मान वर करून पाहिले नव्हते. त्यात शेजाऱ्याचा काही दोष नव्हता. इंद्रनीलचा स्वभावच गोगलगाईचा; कोणी हाक मारली की आधी शिंगे आत. पापाटोएटोच्या एका फार्मसीत तो नोकरीला होता. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती जेवणानंतर, हे दिवसभर परक्या माणसांना सांगता सांगता संध्याकाळपर्यंत त्याच्याजवळचे शब्द आटून जात. घरी आल्यावर त्याच्या वाटचे बोलणेही शुभमच करी. शुभम हा त्याच्यासोबत राहणारा मित्र, मूळचा नाशिकचा, एका विमा कंपनीत कामाला आणि गप्पांचा कारखाना.

मग एप्रिल आला. एप्रिलमध्ये ऑकलंडात फिजोआ, म्हणजे पेरूच्या जातीची हिरवी फळे, गळतात. ज्याच्या कुंपणाला फिजोआची झाडे आहेत, तो माणूस कितीही एकलकोंडा असला तरी त्याला पिशव्या भरून शेजाऱ्यांच्या दारात ठेवाव्याच लागतात. न ठेवील तर अंगणात हिरव्या फळांचा चिखल होतो. एका सकाळी इंद्रनीलने दार उघडले तर पायरीवर अशीच पिशवी होती, आणि कुंपणापलीकडे काळी चपटी टोपी घातलेले एक म्हातारे डोके.

"कापून चमच्यानं खा," डोके म्हणाले. "आणि माझी मधमाशी चावली तर माझ्याकडे ये. वकिलाकडे जाऊ नकोस."

म्हाताऱ्याचे नाव आन्चोन. मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली त्यांच्या मधाच्या पेट्या होत्या, निळ्या आणि पांढऱ्या रंगवलेल्या. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात ऊस तोडायला आले. तिथून एका मुलीच्या मागे समुद्र ओलांडून इकडे न्यूझीलंडला. ती मुलगी म्हणजे त्यांची बायको रूथ. जन्मभर त्यांनी मांसाच्या कारखान्यात काम केले, आणि रूथ गेल्यापासून एकटे राहत होते.

त्यांचे इंग्रजी ऐकून इंद्रनीलने भीत भीत विचारले, "तुम्ही स्पॅनिश का?"

आन्चोननी टोपी काढली, डोके खाजवले आणि पुन्हा घातली. "तुला कोणी चिनी म्हणालं तर?"

"नाही, म्हणजे..."

"मी बास्क आहे, स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरांतला. पण तेही लोकांनी दिलेलं नाव. आम्ही स्वतःला म्हणतो एउस्काल्दुन. त्याचा अर्थ, ज्याच्यापाशी एउस्कारा आहे तो. एउस्कारा म्हणजे आमची भाषा. रक्त विचारत नाहीत, जमीन विचारत नाहीत. भाषा ज्याच्या गाठीला, तो आमचा. त्या भाषेला ना आई, ना बहीण. जगात एकटी."

त्या संध्याकाळी शुभमने फोनवर तो शब्द शोधला आणि सोफ्यावर लोळून हसला. "अरे इंद्र्या, तुझे म्हातारबाबा बायकांच्या आतल्या कपड्यांचे निघाले की! हे बघ, बास्क. लेस लावलेलं. सेलमध्ये आहे, घ्यायचं का?"

"गप रे. ते लोकांचं नाव आहे."

"मग लोकांचं नाव कपड्याला कसं?"

इंद्रनीलला ते ठाऊक नव्हते. माणसांचे नाव इतके फिरत फिरत कुठे जाऊन पडते, याचे त्याला मात्र उगाच वाईट वाटत राहिले.

शनिवारी कुंपणाशी उभे राहण्याचा परिपाठ कसा पडला, ते दोघांनाही सांगता आले नसते. आन्चोन धूर देण्याचे भांडे पेटवीत, पेट्यांची झाकणे उघडीत आणि काम करता करता एखादा शब्द अलीकडे टाकीत. ओगी म्हणजे भाकरी. उर म्हणजे पाणी. एउरी म्हणजे पाऊस. एर्ले म्हणजे मधमाशी. इंद्रनील तो शब्द झेली, म्हणून पाही, आणि आन्चोन भुवया उंचावून "पुन्हा" म्हणत. इंग्रजीत बोलताना प्रत्येक वाक्याला घाम येणारा हा मुलगा त्या परक्या भाषेत मात्र लाजत नसे. जिथे आपल्याकडून कसलीच अपेक्षा नाही, तिथे चुकायची भीती ती कसली?

"माझ्यापाशी आता पाच शब्द झाले," एकदा तो म्हणाला. "मग मी कोण?"

"पाच शब्दांचा एउस्काल्दुन," आन्चोन म्हणाले. मग पेटीतली चौकट उन्हाला धरून बराच वेळ नुसती पाहत राहिले. "माझ्या मुलीपेक्षा चारांनी जास्त. माइते. टाकानिनीत नवीन वसाहत झाली आहे ना, तिथे असते. तिचं नाव मी माझ्या भाषेतलं ठेवलं. प्रिय, असा अर्थ. तेवढा एकच शब्द तिच्यापाशी आहे."

"शिकवला नाहीत?"

"झाकण दे इकडं," आन्चोन म्हणाले.

पुढच्या वसंतात, फळझाडांवर फुले आली असताना, त्यांनी इंद्रनीलला कुंपणाच्या फाटकातून प्रथमच पेट्यांपर्यंत नेले. डोक्यावर जाळीची टोपी चढवून दिली आणि हळू आवाजात, जणू पेटीतल्यांना आताच कळू नये अशा बेताने, सांगू लागले.

"आमच्या दरीत प्रत्येक घराला एक पहिला शेजारी असतो. चर्चच्या वाटेवर जे घर आधी लागतं, ते. भावापेक्षा त्याचा मान मोठा. घरात कोणी गेलं की नातेवाइकांनी रडायचं, आणि बाकीचं सगळं पहिल्या शेजाऱ्यानं पाहायचं. आणि त्याचं अगदी पहिलं काम कोणतं, सांग?"

इंद्रनीलने मान हलवली.

"मधमाश्यांना सांगायचं. पेटीवर हळूच टकटक करायची आणि म्हणायचं की घरधनी गेला. चर्चमध्ये लावायला मेण लागेल, तेवढं करा, अशी विनंती करायची. आणि त्यांच्याशी अहो-जाहोनं बोलायचं, बरं का. माशी म्हणजे काही कुत्रं-मांजर नव्हे. सांगितलं नाही तर त्या रुसतात. मरतात, नाहीतर उडून जातात." ते थांबले. "माझ्या या घराचा पहिला शेजारी तू. चर्च त्याच बाजूला आहे, मी पाहून ठेवलं. आता ते वाक्य शिकून घे. लहान आहे. मी म्हणतो, माझ्यामागून म्हण."

आणि इथेच घोडे अडले.

इंद्रनील मिरजेच्या ज्या घरात वाढला, तिथे तिन्हीसांजेला कोणी 'नाही' म्हणाले तरी आई, सरलाबाई, लगेच म्हणत, "शुभ बोला. वास्तू तथास्तु म्हणत असते." त्या घरात तेल संपत नसे, 'वाढत' असे, दिवा विझत नसे, 'शांत' होत असे. जित्या माणसासमोर उभे राहून, त्याच्याच अंगणात, त्याच्याच माश्यांना 'तुमचा धनी गेला' असे सांगायचे, मग ते सरावापुरते का असेना आणि कोणत्याही भाषेत का असेना, त्या नुसत्या कल्पनेने त्याची जीभ टाळूला चिकटली.

"असं अभद्र बोलू नका," तो म्हणाला. "तुम्ही शंभर वर्षं जगाल."

"ते दुसरं वाक्य झालं. मी हे म्हणायला सांगितलं."

"नंतर कधीतरी."

"अरे, नाव घेतल्यानं मरण येत असतं, तर आमच्या कारखान्यातला मुकादम कधीच गेला असता. आम्ही रोज सकाळी घेत होतो."

इंद्रनील हसला, पण बधला नाही. नंतर आन्चोननी आणखी कितीदा तरी विषय काढला. कधी थट्टेने, कधी मधाची बाटली पुढे करून लाच दिल्यासारखे. प्रत्येक वेळी तो काहीतरी शुभ बोलून निसटला. एकदा आन्चोन जरा चिडूनच म्हणाले, "तुला पाऊस शिकायचा आहे, भाकरी शिकायची आहे. ज्यासाठी भाषा लागते तेवढंच तुला नको."

शुभमला हे कळले तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "चार शब्द तर बोलायचेत! मी रोज लोकांना विचारतो, उद्या तुम्ही गेलात तर बायको-पोरांचं काय? अजून एकही गिऱ्हाईक मेलं नाही माझं. उलट हप्ते भरायला लागले की लोक जास्त जगतात."

"तुझं वेगळं आहे."

"तुझ्या बाबांमुळे का?" शुभमने अचानक आवाज उतरवून विचारले.

इंद्रनीलचे वडील, रमणराव, शेवटच्या दुखण्यात दोनतीनदा म्हणाले होते, "माझ्यानंतर एक गोष्ट मात्र..." आणि आई व तो, दोघेही एका सुरात म्हणाले होते, "काहीतरीच काय बोलता!" ती एक गोष्ट कोणती, ते मग कधीच कळले नाही. तरीही माणूस शहाणा होतो असे थोडेच आहे? ज्या दगडाची ठेच लागली, तो दगड पाऊल नकळत ओळखून ठेवते आणि पुन्हा त्याच्याच दिशेने वळते.

जुलैत, थंडी-पावसाच्या दिवसांत, आन्चोनना पक्षाघाताचा झटका आला. रविवारी भेटायला आलेल्या माइतेनेच त्यांना स्वयंपाकघरात पडलेले पाहिले.

इंद्रनील इस्पितळात गेला तेव्हा तीच खाटेपाशी बसली होती. पन्नाशीची, उंच, वडिलांसारख्याच जाड भुवयांची. "तुम्ही इंद्रनील ना? बाबांच्या बोलण्यात नेहमी असता. त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलंय हो. मला ओळखतात, पण मी बोलते ते पोचत नाही. ते बोलतात ते मला कळत नाही. इथे कोणीतरी स्पॅनिश दुभाषा बोलावला होता, त्याच्याकडे त्यांनी पाठ फिरवली."

परिचारिका माओरी रीतीने "किया ओरा, आन्चोन" असा नमस्कार करत पडदा सारून आली, नळी तपासून गेली. आन्चोननी मान वळवली. इंद्रनीलला पाहताच त्यांच्या चांगल्या राहिलेल्या डोळ्यात ओळख उजळली. त्यांनी हात उचलून खाटेच्या लोखंडी कडेवर बोटाने दोनदा हळूच वाजवले, आणि मग एक वाक्य म्हणाले. सावकाश, शब्द सुटे करून, जसे कुंपणापाशी म्हणत असत तसे. त्यात 'एर्ले' होता. तो शब्द इंद्रनीलने ओळखला. मग ते थांबले, आणि अर्धीच भुवई वर गेली. पुन्हा. माझ्यामागून.

त्याला सगळे कळले. एवढे स्पष्ट मागणे त्याच्याजवळ जन्मात कोणी केले नव्हते. ते वाक्य समोर ठेवलेले होते, नुसते उचलायचे होते. पण खाटेवरच्या माणसाच्या तोंडावर, त्याच्या मुलीच्या देखत, 'तुम्ही गेलात' असे म्हणायचे? त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही बरे व्हाल. घरी याल. आराम करा."

आन्चोननी वाक्य पुन्हा म्हटले. या वेळी शब्द जडावले होते, एकमेकांत मिसळत होते.

"सगळं ठीक होईल," इंद्रनील म्हणाला.

तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. हात त्याच्या हातातच होता, पण पकड सुटली होती.

"काय म्हणत होते?" माइतेने विचारले.

"माश्यांबद्दल काहीतरी," तो म्हणाला.

सप्टेंबरच्या एका सकाळी, औषधांची खोकी उघडत असताना त्याचा फोन वाजला. पहाटे इस्पितळात झोपेतच आन्चोन गेले होते. माइते रडत नव्हती. आवाज फक्त कोरडा होता. "संध्याकाळी घरी येता का? मला तिथे एकटीनं जाववत नाही."

तो उजेड असतानाच पोचला. गल्लीतले कोव्हायचे झाड पिवळ्या फुलांनी लवले होते. माइते लिंबाच्या झाडापाशी उभी होती आणि पेट्यांच्या तोंडाशी माश्यांची रोजची ये-जा चालली होती, जणू काही झालेच नाही. खरेच, त्यांच्या लेखी अजून काही झाले नव्हते.

मग इंद्रनीलने तिला सगळे सांगितले. पहिला शेजारी, पेटीवरची टकटक, ते वाक्य. इस्पितळातले ते मागणे, आणि आपण त्यावर काय केले तेही. बोलताना तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"मी 'नाही' म्हणत राहिलो," तो म्हणाला. "आमच्यात असं बोलत नाहीत. बोललं तर खरं होतं, असं मानतात."

माइतेने पेटीच्या झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मला त्यांनी कधीच सांगितलं नाही हे. आणि का नाही, ते मला ठाऊक आहे. मी लहान असताना ते मला शाळेत न्यायला आले आणि फाटकातून त्यांच्या भाषेत मोठ्यानं हाक मारली. मुली हसल्या. मी म्हणाले, बाबा, इथे ते नका बोलू. बस, एवढंच. ते हो म्हणाले. त्यानंतर घरातसुद्धा एक शब्द नाही. त्याच भाषेपायी लहानपणी शाळेत त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या, हे आईनं मला सांगितलं तेव्हा मी तिशीची होते." तिने बाहीने नाक पुसले. "तुम्ही निदान त्यांच्या भल्यासाठी 'नाही' म्हणालात."

इंद्रनीलला त्यात आधार सापडला नाही. एक नकार लाजेपोटी, एक मायेपोटी. ऐकणाऱ्याच्या पदरात दोन्ही वेळा पडले ते रिकामेपणच.

"फोनवर मिळेल की," माइते एकदम म्हणाली. तिने इंग्रजीत वाक्य टाइप केले, भाषा निवडली आणि फोन पेटीपुढे धरला. एका बाईचा गुळगुळीत, हसरा आवाज काहीतरी म्हणाला. विमानतळावर सामान सांभाळा म्हणून सांगतात तसा. एक माशी फोनच्या काचेवर बसली, चालली, उडाली.

"नको," इंद्रनील म्हणाला. "मी म्हणतो. ते काम शेजाऱ्याचं आहे."

त्याने वाक्य तीनचारदा ऐकले. इस्पितळात ऐकलेल्या वाक्याशी ते जुळते का, हे आठवण्याचा प्रयत्न केला. 'एर्ले' सोडून काहीही आठवले नाही. त्या दिवशी ऐकताना तो ऐकत नव्हताच, नको नको म्हणत होता. आन्चोनच्या दरीत ते कसे म्हणत असतील, अहो-जाहो कुठे येत असेल, मेणाची विनंती कोणत्या शब्दांनी करायची, यातले काहीच त्या हसऱ्या बाईला माहीत नव्हते.

तरी तो वाकला. पहिल्या पेटीवर बोटाने वाजवले आणि मिरजेच्या उच्चारात ते उसने वाक्य म्हणाला. मग दुसऱ्या पेटीवर, मग तिसऱ्या. जे बोलायला तो वर्षभर भ्याला होता, ते बोलायला काही क्षण पुरले. आतली गुणगुण किंचित चढली आणि पुन्हा पहिल्यासारखी झाली. त्यांना कळले की नाही, कोणास ठाऊक. ज्याला ऐकायचे होते, त्याला तर नाहीच कळले.

तो उठला तेव्हा माइते जमिनीवर बसली होती. उन्हाचा शेवटचा पट्टा कुंपणावर चढला होता.

"त्यांनी तुम्हाला जे शब्द शिकवले," ती म्हणाली, "ते मला सांगता?"

इंद्रनीलला मेल्याहून मेल्यासारखे झाले. बापाचे धन लेकीला द्यायला शेजारी बसावा, आणि तोही दूरदेशीचा! पण तो तिच्यासमोर गवतात बसला. "ओगी," तो म्हणाला. "भाकरी."

"ओगी."

"उर. पाणी."

"उर," माइते म्हणाली, आणि त्याच्याकडे भुवया उंचावून पाहू लागली. "बरोबर?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "ते 'पुन्हा' म्हणायचे, तेवढं मला आठवतं."

ती पुन्हा म्हणाली. मग पाऊस झाला, मधमाशी झाली, मध झाला, घर झाले. कुंपणापाशी शनिवारमागून शनिवार उभे राहून घेतलेले ते शब्द त्याला केवढे तरी वाटत असत. आता एकेक करून तिच्या ओंजळीत टाकताना ते भराभर सरत चालले. शेवटच्या माश्या पेटीत शिरल्या, तरी कुंपणावर थोडा उजेड शिल्लक होता.

"अजून?" माइतेने विचारले.

इंद्रनीलने आठवून पाहिले. आठवून पाहत राहिला.

"एवढेच," तो म्हणाला.